ठोका ऐकणारा कान



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा फोटो इथं हार घालून ठेवला आहे. फोटोत सर कोटात आहेत. आम्ही विद्यार्थ्यांनी त्यांना कोटात कधी पाहिलं नाही. आमच्या आठवणीतले सर तेलाचे डाग पडलेल्या खाकी डगल्यात असतात आणि त्यांच्या हातात फूटभर लांबीचा, लाकडी मुठीचा एक स्क्रू-ड्रायव्हर असतो. त्यानं सर स्क्रू क्वचितच पिळत. ते त्यानं ऐकत. पातं चालू इंजिनाच्या ब्लॉकवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडावर दाबायची आणि डोळे मिटायचे. मग मिनिटभरानं निदान.

आमच्या वर्गात मुली दोनच होत्या. वर्कशॉपच्या पहिल्या दिवशी सरांनी तो स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात दिला आणि विचारलं, "काय गं, काय ऐकू येतंय?"

मी उत्साहानं म्हटलं, "सगळंच ऐकू येतंय, सर."

"सगळं येतंय म्हणजे काहीच येत नाहीये. एक आवाज निवड."

मग त्यांनी डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवला, टायमिंग पुढं घेतलं, म्हणजे ठिणगी जरा आधी पाडली, आणि थ्रॉटल दिला. त्या सगळ्या कल्लोळातून एक नवा आवाज वर आला. पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळावेत तसा, कोरडा आणि धातूचा. "हा ठोका," सर म्हणाले. "हा ओळखायला शीक. बाकीचे आवाज इंजिन सांभाळून घेतं."

पुढची पस्तीस वर्षं मी इंजिनांच्या चाचण्या करण्यात घालवली आणि त्यातली निम्मी त्या एका आवाजामागं. आजचा विषय तोच आहे: इंजिनाचा ठोका, म्हणजे नॉक, कंपनांवरून ओळखायचा कसा.

आधी ठोका म्हणजे काय ते पाहू. पेट्रोलच्या इंजिनात स्फोट होतो असं आपण सर्रास म्हणतो. खरं तर स्फोट होऊ नये यासाठीच सगळा खटाटोप असतो. प्लगपाशी ठिणगी पडते, तिथून ज्वाला निघते आणि गवताला लागलेल्या वणव्यासारखी सरकत सिलिंडरच्या पलीकडच्या भिंतीपर्यंत जाते. हा वेग सेकंदाला साधारण २०-३० मीटर. ज्वाला पुढं येते तसा तिच्या मागचा जळलेला वायू फुगतो आणि न जळलेलं मिश्रण कोपऱ्यात रेटून दाबत जातो. दाबलं की ते तापतं. ज्वाला वेळेत तिथवर पोचली तर ठीक. ती पोचायच्या आत कोपऱ्यातल्या मिश्रणाचा धीर सुटला, तर ते आपलं आपण, सगळं एकदम पेटतं. त्या कोपऱ्यात दाब अचानक उसळतो, त्याची लाट समोरच्या भिंतीवर आदळते, परत फिरते, पुन्हा आदळते. बाहेर आपल्याला ऐकू येतो तो या आदळआपटीचा आवाज.

जुन्या गाड्या चालवलेल्या मंडळींना हे पुस्तकातून शिकवायला नको. खंबाटकीच्या चढावर गिअर खाली न घेता तिसऱ्यावरच गाडी रेटली की बॉनेटखालून खडखड येई आणि मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणे, "अहो, नॉक मारतेय, गिअर टाका." पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळलेलं असलं की हीच खडखड सपाट रस्त्यावरही येई, कारण रॉकेलला असा दाब मुळीच सोसत नाही.

आवाज त्रासदायक आहे एवढ्यावर भागलं असतं तर कापूस कानात घालून चाललं असतं. नुकसान वेगळंच होतं. जळणारा वायू २,००० अंशांच्या वर असतो आणि ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं. तरी पिस्टन टिकतो, कारण एक तर बाहेरून त्याची उष्णता सतत काढून घेतली जाते आणि दुसरं म्हणजे धातूलगत वायूचा एक पातळ, तुलनेनं गार थर पांघरुणासारखा बसलेला असतो. ठोक्याच्या लाटा ते पांघरूण ओढून काढतात. मग उष्णता थेट धातूत शिरते. ठोके खाल्लेला पिस्टन मी अनेकदा हातात घेतला आहे. त्याच्या कडेला बारीक बारीक खड्डे पडलेले असतात, वाळवीनं खाल्लेल्या चौकटीसारखे.

मग ठोक्यापासून दूरच का राहू नये? कारण इंजिनाची कमाई ठोक्याच्या शेजारीच असते. मिश्रण जितकं जास्त दाबाल तितकं त्याच पेट्रोलमधून काम जास्त मिळतं. आदर्श चक्राच्या हिशेबानं मिश्रण दाबण्याचं गुणोत्तर ८ असेल तर कार्यक्षमता ५६ टक्क्यांच्या आसपास येते आणि १० असेल तर ६० टक्के. प्रत्यक्षातलं इंजिन या आकड्यांच्या बरंच खाली राहतं, पण चढण तीच. ठिणगीच्या वेळेचंही तेच. सर म्हणायचे, चांगली गाडी ठोक्याच्या उंबऱ्यावर चालते. ओटीवर बसून राहिली तर पेट्रोल खाते, आत शिरली तर पिस्टन खाते.

इथं शंभर वर्षांमागं जावं लागतं, कारण ठोक्याच्या तक्रारीवर माणसानं पहिला जो उपाय केला तो ऐकण्याचा नव्हता.

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन गावी चार्ल्स केटरिंग नावाचा संशोधक होता. मोटारीला हँडल मारायचं काम ज्याच्या सेल्फ-स्टार्टरमुळं संपलं, तोच. त्याच्या कंपनीचे शेतघरांसाठीचे वीजसंच रॉकेलवर चालत आणि ठोकत. लोक दोष देत केटरिंगच्या बॅटरीवरच्या इग्निशनला. त्यानं थॉमस मिजली या तरुण अभियंत्याला कामाला लावलं. मिजलीनं सिलिंडरमधल्या दाबाचा आलेख काढून पाहिला, तर ठोका ठिणगीच्या आधी नव्हे, नंतर पडत होता. म्हणजे आळ खोटा. खोट इंधनाच्या जळण्यात.

मग सुरू झाला औषधांचा शोध. या दोघांच्या मनात एक कल्पना आली: वसंतात बर्फाखालूनही लवकर फुलणाऱ्या एका रानवेलीची पानं लालसर असतात, तसं रॉकेल लाल केलं तर ते उष्णता लवकर शोषेल का? लाल रंग हाताशी नव्हता म्हणून मिजलीनं आयोडीन घातलं आणि ठोका थांबला. नंतर खरे लाल रंग आणून घातले, तर काही फरक नाही. तर्क चुकीचा आणि गुण आलेला, असं शास्त्रात अधूनमधून घडतं. आयोडीन महाग आणि धातू खाणारं, त्यामुळं पुढं अनेक पदार्थ झाले. त्यातल्या टेल्युरियमनं ठोका चांगला थांबला, पण काम करणाऱ्यांच्या अंगाला लसणासारखा असा दर्प चिकटला की तो जाता जाईना. शेवटी ९ डिसेंबर १९२१ या दिवशी टेट्राएथिल लेड हाती लागलं. थोडंसं घातलं की इंजिन गप्प.

याच काळात मिजली आणि त्याचा सहकारी बॉइड यांनी ठोका मोजायचं एक साधन केलं होतं, आणि मला ते फार आवडतं. सिलिंडरच्या तोंडाशी एक पातळ पडदा आणि त्यावर उभी ठेवलेली पोलादी कांडी. साध्या जळण्यात कांडी जागची हलत नाही; ठोका पडला की उडते आणि वरची विजेची जोडणी जुळवते. त्या विजेनं एका नळीतल्या आम्लातून वायू सुटतो. किती वायू साठला ते पाहा, तेवढा ठोका पडला. आजच्या सगळ्या सेन्सरांची ही पणजी. पण तिचा उपयोग प्रयोगशाळेत इंधनाची प्रत ठरवण्यापुरताच झाला. रस्त्यावरच्या इंजिनाचा ठोका ऐकण्याऐवजी तो बंद करणारं औषध मिळालं होतं, मग ऐकायचं कशाला?

ते औषध म्हणजे शिसं होतं. १९२३ साली ते 'एथिल' या नावानं विक्रीला आलं. नावात शिशाचा उल्लेख नव्हता. १९२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या कारखान्यात हे रसायन बनवणारे पाच कामगार विषबाधेनं, भ्रमिष्ट होऊन मेले. तरी ते पेट्रोल जगभर गेलं आणि मुलांच्या रक्तात शिसं साठत राहिलं. आपल्या देशात चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागलं ते १ एप्रिल १९९५ पासून, आणि शिशाचं पेट्रोल पूर्ण बंद झालं १ फेब्रुवारी २००० रोजी. जगातला शेवटचा देश अल्जीरिया. तिथं ते २०२१ साली थांबलं. ठोक्याचं तोंड बंद करण्याची किंमत आपण शंभर वर्षं मोजली.

शिसं जाण्याची सुरुवात मात्र मुलांच्या रक्तामुळं झाली नाही. १९७५ च्या सुमाराला अमेरिकेत गाड्यांच्या धुराच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले आणि त्यातलं प्लॅटिनम शिशानं निकामी होतं. शिसं काढलं, पेट्रोलची सहनशक्ती घसरली आणि जुना ठोका दाराशी येऊन उभा राहिला. आता मात्र त्याला ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. १९७८ च्या ब्युकच्या टर्बो व्ही-६ इंजिनाला ठोका टिपणारा सेन्सर बसला आणि त्याच्या इशाऱ्यावर ठिणगी मागं घेणारं, म्हणजे जरा उशिरा पाडणारं, इलेक्ट्रॉनिक मंडल आलं. थोड्याच वर्षांत स्वीडनच्या साबनं ठोका ऐकून टर्बोचा दाबच कमी-जास्त करणारी व्यवस्था आणली. सरांचा स्क्रू-ड्रायव्हर गाडीत कायमचा जाऊन बसला म्हणा ना.

आता या आवाजाच्या अंतरंगात शिरू. माझा धाकटा भाऊ तबला शिकायचा. घरात सकाळी ठोकून ठोकून सूर मिळवणं चाले आणि मला त्याचा वैताग यायचा. पुढं नोकरीत ठोक्याचं गणित पहिल्यांदा समोर आलं तेव्हा कळलं की हा तबलाच आहे.

सिलिंडर म्हणजे गोल भांडं. ठोका पडतो तेव्हा पिस्टन वरच्या टोकाजवळ असतो, त्यामुळं वायू एका चपट्या चकतीसारखा असतो. ही चकती हेलकावते. परातीत पाणी घेऊन परात किंचित तिरकी करा. पाणी या काठावर चढतं, मग त्या काठावर. वायूचा सगळ्यात सोपा हेलकावा तसाच. हे गणित १९३५ साली चार्ल्स स्टार्क ड्रेपर या तरुण संशोधकानं ठोक्याला लावून दाखवलं. पुढं याच ड्रेपरच्या प्रयोगशाळेनं अपोलो यानांना चंद्रापर्यंत वाट दाखवणारी यंत्रणा बांधली. चंद्राची वाट दाखवण्याआधी हा माणूस सिलिंडरमध्ये कान लावून बसला होता.

हिशेब सोपा आहे. जळत्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ९५० मीटर. या सभागृहातल्या हवेतल्या वेगाच्या पावणेतीन पट. त्याला १.८४१ नं गुणायचं आणि सिलिंडरच्या परिघानं भागायचं. व्यास ८६ मिलिमीटर असेल तर उत्तर येतं सेकंदाला सुमारे ६,५०० कंपनं, म्हणजे साडेसहा किलोहर्ट्झ. मोटारसायकलचा ५० मिलिमीटरचा सिलिंडर घेतला तर ११ किलोहर्ट्झ. भांडं मोठं तर आवाज खाली, लहान तर वर. डग्गा आणि तबला शेजारी शेजारी ठेवून हे कुणालाही पडताळता येईल.

हा १.८४१ कुठून आला? गोल वस्तूंच्या कंपनांसाठी बेसेलची फलनं वापरतात, त्यांच्यातून. ढोलाच्या पानाला तीच फलनं लागतात. फरक काठाचा. ढोलाचं पान काठाला आवळलेलं असतं, तिथं ते हलूच शकत नाही. वायूचं उलट: भिंतीशी दाबाचा चढउतार सगळ्यात मोठा असतो, आणि पहिल्या हेलकाव्यात मध्यभागी तो शून्य असतो. म्हणून दाबमापक नेमका मधोमध बसवला तर ठोक्याचा मुख्य सूर त्याला ऐकूच येत नाही. हजारो रुपयांचं उपकरण मध्यभागी बसून म्हणतं, सगळं शांत आहे.

साध्या ढोलाचे वरचे सूर मूळ सुराच्या १.५९ पट, २.१४ पट असे अडनिडे असतात. ते पूर्णांकात बसत नाहीत, म्हणून ढोलाला आवाज असतो पण सूर नसतो. आपल्या मृदंग-तबल्याला सूर का असतो हे सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली 'नेचर'मध्ये मांडलं: मधल्या शाईच्या वजनामुळं वरचे सूर सरकून मूळ सुराच्या पटीत येऊन बसतात. इंजिनातल्या वायूचे वरचे सूर मूळच्या १.६६ पट, २.०८ पट. तिथं शाई लावायला कुणी गेलेलं नाही, म्हणून ठोका बेसूर. आमच्या दृष्टीनं तो बेसूरपणा सोयीचाच. आपल्या घराण्याची ओळख तो कपाळावर घेऊन फिरतो.

हा आवाज गाडीत टिपतो कोण? सिलिंडरच्या ब्लॉकवर बोल्टनं आवळलेली, मधे भोक असलेली एक वडीएवढी चकती. आत सिरॅमिकची कडी आणि तिच्यावर एक धातूचा भार. ब्लॉक थरथरला की भार कडीवर रेटा देतो आणि दाबल्यावर वीज निर्माण करण्याचा त्या सिरॅमिकचा गुण असतो. हा गुण स्फटिकांत आहे हे झाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० साली दाखवलं. गुरुत्वाएवढ्या प्रवेगाला ही चकती २५ मिलिव्होल्टच्या आसपास बोलते. चार सिलिंडरना अशी एक पुरते, दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे बसवलेली.

ती आवळायची साधारण २० न्यूटन-मीटरच्या पिळानं आणि मधे काहीही घालायचं नाही. हे वाक्य मी माझ्या एका चुकीच्या किमतीवर शिकले आहे. १९९९ सालची गोष्ट. मी जिथं नोकरीला होते तिथल्या टेस्ट बेडवर एका इंजिनाची रात्रभराची चाचणी लावायची होती. दाबमापक तपासणीसाठी बाहेर गेलेला, तेव्हा भरवसा फक्त त्या चकतीवर. बोल्ट जरा लांब पडत होता. मी खाली एक स्प्रिंग वॉशर सरकवला, पिळून पाहिला, घट्ट बसला. पडद्यावर आलेख नाचत होता. मी घरी जाऊन झोपले.

सकाळी इंजिन बंद पडलेलं होतं आणि तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन कडेनं खाल्लेला. रात्रभराच्या नोंदीत ठोक्याचं नावही नव्हतं. दोन दिवस आम्ही सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी चकती काढायला गेले आणि माझाच वॉशर हातात आला. स्प्रिंग वॉशर म्हणजे मधे ठेवलेली उशी. खालची गुरगुर ती जाऊ देते आणि वरची बारीक थरथर गिळते. म्हणून आलेख जिवंत दिसत होता. कान पूर्ण बंद असता तर मला संशय आला असता. तो अर्धा उघडा होता.

मी सरांना हे सांगायला गेले. ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "स्क्रू-ड्रायव्हरची मूठ लाकडी का, हे तुला कधी विचारावंसं वाटलं नाही." लाकूड कडक असतं, हाडाला नीट टेकतं. रबरी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर त्यांनी ऐकायला कधीच घेतला नव्हता.

कान नीट बसला तरी अवघड भाग पुढंच आहे. ब्लॉकवर सगळेच बोलत असतात. व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर आपटतात, पिस्टन भिंतीवर थडकतो, चेन किणकिणते, इंजेक्टर टिकटिकतात. यातल्या कित्येकांची थरथर साडेसहा किलोहर्ट्झच्या आसपासही पसरते. नुसता फिल्टर लावून भागत नाही. मग सरांचा पहिल्या दिवसाचा धडा कामाला येतो: एक आवाज निवड. तो कसा निवडायचा? त्याची वेळ ओळखून.

ठोका कधी पडू शकतो हे आपल्याला ठाऊक असतं. पिस्टन वरच्या टोकाला पोचून खाली निघाला, की क्रँक साधारण १० अंशांपासून ७० अंशांपर्यंत फिरेस्तोवर. त्याआधी मिश्रण तेवढं दाबलेलं नसतं, त्यानंतर जळायला काही उरत नाही. तेव्हा कान फक्त तेवढ्या खिडकीत उघडायचा. मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर एक अंश म्हणजे सेकंदाचा १८ हजारावा भाग. ६० अंशांची खिडकी उघडी राहते ३.३ मिलिसेकंद. तेवढ्यात ठोक्याची जेमतेम वीस-एकवीस कंपनं बसतात. चार सिलिंडरच्या इंजिनात दर १८० अंशांना एक ठिणगी, म्हणजे १८० पैकी ६० अंश ऐकायचं आणि उरलेले १२० अंश कान झाकून घ्यायचा. दोन तृतीयांश वेळ न ऐकणं, हे या ऐकण्याचं पहिलं कलम. कोणाची खिडकी उघडली होती यावरून कोणता सिलिंडर ठोकला हेही कळतं, एकाच कानानं.

खिडकीत जे मिळालं त्यातून साडेसहाच्या आजूबाजूचा पट्टा गाळून घ्यायचा, वर-खाली दोन्ही बाजूंची कंपनं एकाच बाजूची करून त्यांची बेरीज करायची. एक आकडा मिळतो. तो मोठा की लहान? त्याचं उत्तर त्या आकड्यात नसतं. वेग वाढला की सगळंच इंजिन मोठ्यानं बोलतं. बाजारात जे कुजबुजणं ते देवळात ओरडणं ठरतं. म्हणून दर सिलिंडरसाठी, मागच्या अनेक चक्रांची एक सरकती सरासरी ठेवतात आणि नवा आकडा तिच्या किती पट आहे ते पाहतात. दुप्पट-तिप्पट झाला की ठोका. आणि ठोका पडलेली चक्रं त्या सरासरीत सहसा धरत नाहीत. धरली तर सततच्या ठोक्याचीच सवय होते आणि हळूहळू तोच नेहमीचा आवाज वाटायला लागतो.

ठोका ओळखला की त्या सिलिंडरची ठिणगी दोन-तीन अंश झटक्यात मागं. पुढं यायचं ते मात्र सावकाश, अनेक चक्रं घेत, थोडं थोडं, पुन्हा ठोका कानावर येईपर्यंत. उंबऱ्यावर चालायचं तर उंबरा कुठं आहे हे पायानं अधूनमधून चाचपावं लागतं.

व्याख्यान संपल्यावर हमखास विचारला जाणारा प्रश्न आताच घेते: महागाचं, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरावं का? ऑक्टेन म्हणजे शक्ती नव्हे, सहनशक्ती. जास्त ऑक्टेनच्या लिटरमध्ये जास्त ऊर्जा नसते; ते फक्त जास्त दाब सोसतं. तुमची गाडी साध्या पेट्रोलवर ठोक्यामुळं ठिणगी मागं घेत असेल, तर चांगल्या पेट्रोलवर ती पुढं येईल आणि फरक जाणवेल. ती मागं घेतच नसेल, तर पैसे पंपावर राहिले. इथेनॉलचंही असंच. त्यात ऊर्जा पेट्रोलपेक्षा कमी, पण सहनशक्ती बरीच जास्त, आणि वाफ होताना ते मिश्रणाला गारही करतं. त्याचा फायदा घ्यायचा तर इंजिन त्या हिशेबानं बांधलेलं हवं आणि त्याचे कान शाबूत हवेत.

दोन मर्यादा सांगते. पहिली गणिताची. खिडकी चालू असताना पिस्टन खाली जात असतो, वायू गार होत असतो आणि गार वायूत ध्वनी हळू धावतो. वायू २,५०० केल्विनवरून २,००० वर आला तर साडेसहा किलोहर्ट्झचा सूर पावणेसहाच्या आसपास उतरतो. हे अंतर किती? जवळजवळ रे वरून सा वर येण्याइतकं. म्हणजे ठोका स्थिर सूर नसून तीन मिलिसेकंदांची मींड आहे. आता सूर अचूक ओळखायचा तर जास्त वेळ ऐकावं लागतं, आणि वेळ अचूक धरायची तर सूर धूसर होतो. हा पेच डेनिस गॅबोरनं १९४६ साली नेमका मांडला. १९८० च्या दशकात झाँ मोर्ले या तेलशोधातल्या भूभौतिकीतज्ज्ञानं जमिनीच्या पोटातून परतणाऱ्या कंपनांसाठी वेव्हलेट वापरली. खालच्या सुरांना लांब खिडकी, वरच्यांना आखूड. तीच युक्ती आज संशोधक ठोक्याच्या मींडेवर वापरतात. खनिज तेल शोधण्याचं गणित ते तेल जळताना पुन्हा भेटतं.

दुसरी मर्यादा स्वभावाची. ऐकणारा नेहमी एक ठोका उशिरा असतो. बारीक ठोक्यांवरून सावध होणं हेच त्याचं काम. पण आजच्या छोट्या टर्बो इंजिनांत, कमी वेगावर मोठा भार टाकला की कधी कधी ठिणगीच्याही आधी मिश्रण पेटतं आणि पाठोपाठ असा जबर ठोका येतो की एकाच फटक्यात पिस्टन फुटू शकतो. तिथं ऐकून काय करणार? तिथं कारणच शोधावं लागलं. वंगणतेलाचे सूक्ष्म थेंब आणि त्यातलं कॅल्शियम यांचा त्यात हात असल्याचं दिसलं आणि २०१८ पासून तेलांच्या मानकांत त्यासाठीची चाचणी आली. सरांच्या भाषेत, ताप मोजणाऱ्यानं डासही पाहावेत.

शेवटी सरांकडे येते. निवृत्तीनंतर ते ऐंशीच्या घरात असताना मी त्यांना भेटायला गेले. अंगणात त्यांची जुनी गाडी होती. त्यांनी ती सुरू करायला लावली, स्क्रू-ड्रायव्हर आणला, मूठ कानामागं लावली आणि बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "टॅपेट येतं. चेन येते. तो वरचा गेला माझा." वय झालं की कान वरच्या टिपेपासून जातो. आयुष्यभर ज्या एका आवाजावर त्यांनी मुलं घडवली, तोच आधी गेला.

माझ्या लॅपटॉपवर टेस्ट बेडवरची एक नोंद होती. एकच ठोका. मी तो पन्नास पट संथ केला, म्हणजे साडेसहा हजारांचा सूर सेकंदाला १३० कंपनांवर आला, आणि हेडफोन सरांच्या कानावर ठेवले. सेकंदाचा सहावा हिस्सा भरेल एवढाच आवाज. त्यांनी बोटानं खूण केली, पुन्हा लाव. मी पाच-सहा वेळा लावला.

त्यांनी डोळे उघडले. पन्नास वर्षं तो आवाज ओळखणाऱ्या माणसानं त्याच्या पोटातली ती उतरण पहिल्यांदा ऐकली होती.

"अगं," ते म्हणाले, "हा तर डग्गा आहे."